झोपेत दात खाणे आणि नाईट गार्डची निवड

दातांच्या आरोग्याविषयीच्या या सदरासाठी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी एकाच विषयावरची आहेत. ती एकत्र घेतली, कारण एका पत्राच्या उत्तरातला काही भाग दुसऱ्या वाचकालाही लागू पडणारा आहे.

प्रश्न : मी ४३ वर्षांची असून माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. झोपेत मी करकर दात खाते, असे यजमान दोन-तीन वर्षांपासून सांगत होते. मी ते फारसे मनावर घेतले नाही. गेल्या महिन्यात भाकरीचा घास चावताना खालच्या दाढेचा कोपरा तुटला. तेव्हा दंतवैद्यांनी सगळेच दात झिजले असल्याचे आरशात दाखवले आणि रात्री लावण्यासाठी कठीण गार्ड करून घ्या, असे सुचवले. त्याला काही हजार रुपये खर्च येणार आहे. मोबाइलवर मात्र काही शे रुपयांत गार्ड मिळते व ते गरम पाण्यात मऊ करून घरीच बसवता येते, असे दिसते. दोन्हींत एवढा फरक असतो का? आणि गार्ड लावल्यावर ही सवय कायमची जाईल का? (एक भगिनी, बार्शी)

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यावरच बाकीचा निर्णय अवलंबून आहे. गार्डमुळे दात खाणे थांबत नाही. गार्डचे काम दात वाचवण्याचे आहे. वरच्या आणि खालच्या दातांमध्ये त्यांच्यापेक्षा मऊ असा एक थर ठेवला, की रात्री जो झिजायचा तो हा थर झिजतो आणि दात शाबूत राहतात. २००७ साली कॉक्रेन या संस्थेने उपलब्ध चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हाही दातांची झीज रोखण्यासाठी अशा गार्डचा काही फायदा होऊ शकतो, मात्र दात खाण्यावरचा उपचार म्हणून ते परिणामकारक ठरते असे म्हणण्याइतका पुरावा नाही, असाच निष्कर्ष निघाला. हे रुग्णाला आधीच सांगितले नाही, तर सहा महिन्यांनी गार्डवर चरे दिसले की तो निराश होतो आणि गार्ड डबीत पडून राहते. खरे तर ते चरे म्हणजे गार्डने आपले काम केल्याची खूण असते.

सवय का जात नाही, हेही समजून घ्यावे. आपल्याकडे रागाला ‘दात-ओठ खाणे’ म्हणतात; त्यामुळे झोपेत दात खाणारा माणूस मनात काहीतरी दाबून ठेवतो, असा समज घरोघरी आढळतो आणि रुग्ण, विशेषतः स्त्रिया, हे सांगताना संकोचतात. ताणतणावाशी या त्रासाचा संबंध आहे, पण गोष्ट एवढी सरळ नाही. झोपेत मेंदू अधूनमधून काही सेकंदांपुरता जागृतीच्या जवळ येतो, हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि पाठोपाठ जबड्याचे स्नायू तालात आवळले जातात. हे बहुतेक वेळा झोप हलकी असताना घडते. त्यावर आपल्या इच्छेचा ताबा नसतो, म्हणून यजमानांनी हलवून जागे केल्याने तेवढ्यापुरता आवाज थांबेल, इतकेच. दात वेडेवाकडे असल्याने असे होते, हा जुना समजही आता मागे पडला आहे. त्यामुळे केवळ दात खाणे थांबावे म्हणून कोणी चांगले दात घासून ‘चावा जुळवून’ देण्याचे सुचवले, तर कृपया दुसऱ्या दंतवैद्यांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका. एनॅमल, म्हणजे दातावरचे कठीण कवच, एकदा गेले की शरीर ते पुन्हा तयार करत नाही.

आता गार्डच्या प्रकारांकडे वळू. गरम पाण्यात मऊ करून दाताखाली दाबायचे गार्ड मुळात खेळाडूंच्या गार्डच्या धर्तीवरचे असते. त्यावर दात रुततात, पण कोणत्या बाजूला किती जाडी राहिली याचा हिशेब नसतो. एका दाढेवर आधी भार येतो, दुसरीकडे पोकळी राहते, आणि सकाळी जबडा आणखीच आखडतो. दुसरा प्रकार प्रयोगशाळेत मऊ प्लॅस्टिकच्या पत्र्यापासून निर्वात यंत्रावर ओढून केलेल्या गार्डचा. ते मापाचे असते, तोंडात सुखद वाटते आणि स्वस्तही पडते; परंतु रबरासारखा पदार्थ दातांत आला की काही लोकांचे स्नायू तो चघळू लागतात आणि त्यांचे काम कमी होण्याऐवजी वाढते. शिवाय जोराने दात खाणाऱ्या माणसाचे असे गार्ड काही महिन्यांतच भोके पडून निकामी झालेले मी पाहिले आहे. तिसरा प्रकार कठीण ॲक्रिलिकचा, म्हणजे साधारण कवळीच्या गुलाबी भागासाठी जो पदार्थ वापरतात त्याच जातीचा, फक्त पारदर्शक. आपल्या दंतवैद्यांनी बहुधा हाच सुचवला आहे. आपली दाढ तुटली आहे आणि झीज सर्व दातांवर पसरली आहे, हे पाहता माझेही मत त्यांच्यासारखेच आहे. आतून मऊ आणि बाहेरून कठीण अशा दोन थरांचे गार्डही मिळते. ज्यांना कठीण गार्ड अजिबात सहन होत नाही त्यांच्यासाठी तो मधला मार्ग आहे.

फक्त पुढच्या चार-सहा दातांवर बसणारी लहान गार्डेही विकली जातात. ती महिनोन्महिने वापरली, तर मागच्या दाढा हळूहळू सरकून वरचे-खालचे दात नीट मिटेनासे होण्याचा धोका असतो, आणि आकाराने लहान असल्याने झोपेत ते घशात जाण्याची भीती वेगळीच. गार्ड वरचे असो वा खालचे, ते त्या जबड्याच्या सर्व दातांना झाकणारे असावे, याबाबत मी आग्रही आहे.

खर्चातला मोठा भाग पदार्थाचा नसून कामाचा असतो. दोन्ही जबड्यांची मापे घ्यावी लागतात, जबडा सैल असताना तो कसा मिटतो याची वेगळी नोंद घ्यावी लागते, आणि गार्ड तयार होऊन आल्यावर रंगीत कागद चावायला देऊन ठिपके पाहत पाहत ते घासावे लागते. शेवटी समोरच्या जबड्याचे दात गार्डवर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी आणि सारख्याच दाबाने टेकले पाहिजेत. हे एका बैठकीत साधत नाही. पहिल्या आठवड्यानंतर आणि महिन्याभराने स्नायू सैलावल्यामुळे चावा थोडा बदलतो, तेव्हा पुन्हा घासावे लागते. म्हणून पैसे ठरवताना या नंतरच्या भेटी त्यात धरल्या आहेत का, हे अवश्य विचारा. आणि तुटलेल्या दाढेला कॅप बसवायची असेल, तर आधी कॅप आणि मग गार्ड. उलट केल्यास गार्ड पुन्हा करावे लागेल.

खर्च झेपणारा नसेल, तर मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, मुंबई महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आणि गोव्यात बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय येथील कृत्रिम दंतोपचार विभागात चौकशी करावी. तेथे वेळ अधिक द्यावा लागतो, पण खासगी दवाखान्याच्या तुलनेत खर्च पुष्कळ कमी येतो.

रात्रीचे काम गार्डवर सोपवले तरी दिवसाचे आपल्याच हातात आहे. जेवणाचा आणि गिळण्याचा वेळ धरूनही निरोगी माणसाचे वरचे-खालचे दात दिवसभरात जेमतेम १५ ते २० मिनिटे एकमेकांना टेकतात. आपण शिक्षिका आहात. उत्तरपत्रिका तपासताना दात घट्ट मिटलेले असतात का, ते एकदा पाहा. ओठ मिटलेले, दात सुटे आणि जीभ टाळूला अलगद टेकलेली, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती आहे. तपासण्याच्या गठ्ठ्यावर एक रंगीत ठिपका चिकटवा आणि तो दिसला की जबडा सोडा. संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी बंद करून पाहावी.

प्रश्न : माझा नातू सहा वर्षांचा आहे. रात्री तो इतके दात खातो की शेजारच्या खोलीत ऐकू येते. पोटात जंत झाले असतील म्हणून आम्ही दोनदा जंतांचे औषध दिले, पण फरक नाही. त्याला गार्ड करून घ्यावे का? (एक आजोबा, चिपळूण)

उत्तर : आजोबा, मूल दात खाऊ लागले की जंत झाले, असे आपण सर्वांनीच लहानपणापासून ऐकलेले आहे, परंतु जंतांमुळे दात खाल्ले जातात असे मानण्यासारखा भक्कम पुरावा नाही. जंतांचे औषध शासनाच्या कार्यक्रमानुसार किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे. दात खाण्यावरचा इलाज म्हणून पुन्हा पुन्हा देऊ नये.

या वयात दात खाणे मोठ्यांपेक्षा कितीतरी अधिक आढळते आणि दुधाचे दात पडून कायमचे दात येईपर्यंत बहुतेक मुलांत ते आपोआप कमी होते. गार्ड करू नये. त्याचा जबडा वाढतो आहे आणि दात बदलत आहेत. आज केलेले गार्ड थोड्याच दिवसांत बसेनासे होईल किंवा येणाऱ्या दाताला अडवेल. मात्र एक गोष्ट आपण जरूर पाहावी. नातू तोंड उघडे ठेवून झोपतो का, घोरतो का, झोपेत घामाघूम होतो का, सकाळी चिडचिडा उठतो का? तसे असेल, तर वाढलेल्या टॉन्सिल किंवा ॲडिनॉइडमुळे श्वासाला अडथळा येत असण्याची शक्यता आहे. त्यासाठी आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्यावे. यांपैकी काहीच नसेल आणि दातही दुखत नसतील, तर सहा-सहा महिन्यांनी दंतवैद्यांना दाखवणे पुरेसे आहे.

प्रश्न : वय ५२, वजन ९४ किलो, रक्तदाबाची गोळी चालू. दात खातो म्हणून वरच्या जबड्याचे कठीण गार्ड करून घेतले. गार्ड उत्तम बसले आहे, पण सकाळी डोके जड असते आणि दुपारी कार्यालयात डुलक्या येतात. पत्नी म्हणते, घोरणे पूर्वीपेक्षा वाढले आहे. गार्ड बदलावे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : गार्ड बदलण्याआधी झोपेची तपासणी करून घ्या, आणि ती लांबणीवर टाकू नका. घोरणे, वजन, रक्तदाब, सकाळचे जड डोके आणि दिवसाची झोप ही सगळी लक्षणे एकत्र आली की झोपेत श्वास अडण्याच्या विकाराची, म्हणजे स्लीप ॲप्नियाची, शंका घ्यावीच लागते. हा विकार असलेल्या काही रुग्णांत वरच्या जबड्याचे गार्ड लावल्यावर श्वास अडण्याचे प्रमाण वाढल्याचे आढळले आहे. त्यामुळे पत्नीचे निरीक्षण अतिशय मोलाचे आहे. त्यांना रात्री आपला श्वास मध्येच थांबून मग जोराने सुटल्यासारखा जाणवतो का, तेही विचारा आणि छातीविकार किंवा झोपविकार तज्ज्ञांना ते सांगा. तपासणी होईपर्यंत गार्ड चालू ठेवावे की नाही, हे आपल्या दंतवैद्यांना आजच फोन करून विचारा. आपण सांगितलेल्या लक्षणांवरून ते काही दिवस न लावणे मला अधिक सुरक्षित वाटते.

विकार निश्चित झाला, तर मास्कमधून दाबाने हवा देणारे सीपॅप यंत्र किंवा सौम्य प्रकारात खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे उपकरण सुचवले जाईल. या उपचारांनी श्वास मोकळा झाल्यावर काही रुग्णांचे दात खाणेही कमी होते. वाहन चालवत असाल, तर तोपर्यंत लांबचा प्रवास स्वतः चालवत करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : मला मनोविकारतज्ज्ञांनी नैराश्यासाठी एसिटालोप्रॅम सुरू केले आहे. मन सावरले, पण महिनाभरात जबडा दुखू लागला आणि मी दात खातो असे रूममेट सांगतो. गोळी बंद करू का? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : स्वतःहून बंद करू नका. या गटातील औषधांनी काही जणांत दात आवळणे किंवा खाणे सुरू होते, ही माहीत असलेली बाब आहे आणि आपल्या डॉक्टरांना ती सांगण्यात काहीच गैर नाही. मात्रा बदलणे, औषध बदलणे किंवा त्याच्या जोडीला दुसरे औषध देणे, असे मार्ग त्यांच्याकडे आहेत. एकदम गोळी सोडल्यास चक्कर, अस्वस्थता असे त्रास होतात आणि सावरलेले मन पुन्हा खचू शकते. तोवर दंतवैद्यांकडून दातांची आजची छायाचित्रे काढून ठेवा. दोन-तीन महिन्यांनी तुलना केली की झीज खरोखर होते आहे का, हे कळेल आणि गार्डचा निर्णय त्यावर घेता येईल.

प्रश्न : माझे गार्ड वर्षभरात पिवळे पडले आहे आणि त्याला वास येतो. मी ते रोज टूथपेस्टने घासते आणि आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यात टाकते. काय चुकते आहे? (एक भगिनी, नाशिक)

उत्तर : दोन्ही गोष्टी बंद करा. टूथपेस्टमधल्या बारीक कणांनी गार्डवर सूक्ष्म ओरखडे पडतात, त्यांत जंतू घर करतात आणि वास तिथूनच येतो. उकळत्या पाण्याने ॲक्रिलिक वाकते. एवढ्यात गार्ड एका बाजूला सैल किंवा घट्ट लागू लागले असेल, तर त्याचे कारण हेच असावे. सकाळी काढल्याबरोबर थंड पाण्याखाली मऊ ब्रश व साध्या सौम्य साबणाने धुवावे, पूर्ण कोरडे करावे आणि भोके असलेल्या डबीत ठेवावे. आठवड्यातून एकदा कवळी स्वच्छ करण्याची गोळी पाण्यात टाकून, पाकिटावर दिलेल्या वेळेपुरते त्यात बुडवून ठेवता येईल. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ते विसरू नये, आणि कुत्रा पाळलेला असेल तर त्याच्या आवाक्यात मुळीच ठेवू नये. आताचे गार्ड घेऊन एकदा दंतवैद्यांकडे जा. ते वाकले नसेल, तर चकाकी देऊन पुढे वापरता येईल.