‘अवर’ आणि ‘होरा’

प्रश्न : पंचांगातला ‘होरा’ आणि इंग्रजीतला ‘अवर’ हे मुळात एकच, असं कुणी म्हणतं, कुणी म्हणतं ‘होरा’ हा ‘अहोरात्र’चा संक्षेप. खरं काय? आणि ‘अवर’मधला ‘एच’ उच्चारायचा नाही, तर लिहायचा कशाला?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : दोन्हींचं मूळ ग्रीक ‘होरा’. ग्रीकमध्ये त्याचा आधीचा अर्थ हंगाम, ठरावीक काळ; दिवसाचा बारावा भाग हा अर्थ मागाहून आला. लॅटिन आणि मग जुनी फ्रेंच अशा वाटेने तो इंग्रजीत गेला. फ्रेंचांच्या तोंडचा ‘ह’ तोवर गळाला होता, लिहिताना मात्र लॅटिनकडे पाहून ‘एच’ राहिला. ‘ऑनर’, ‘ऑनेस्ट’ यांचंही तेच. म्हणूनच ‘ॲन अवर’.

आपल्याकडे हा शब्द ग्रीक ज्योतिषाबरोबर आला. ‘अहोरात्र’चा ‘अ’ आणि ‘त्र’ काढून ‘होरा’ उरवण्याची युक्ती जुनी आहे. प्राचीन ज्योतिषी वराहमिहिराने ती आपल्या ‘बृहज्जातक’ या ग्रंथात नोंदवली, पण ‘काहींच्या मते’ म्हणून. जमते झकास; व्युत्पत्ती म्हणून टिकत नाही.

दिवस-रात्रीचे 24 होरे, प्रत्येकाचा एक ग्रह; वारांचा क्रम या होऱ्यांवरूनच लागतो. रविवारी सूर्योदयाला पहिला होरा रवीचा, मग शुक्र, बुध, चंद्र, शनी, गुरू, मंगळ, की पुन्हा रवी. 24 होऱ्यांत सातांची तीन आवर्तनं होऊन तीन होरे उरतात : रवी, शुक्र, बुध. पंचविसावा, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला, चंद्राचा. झाला सोमवार.

होरा काढताना घोळ होतो तो सूर्योदयाचा. दाते पंचांग आपल्या सोलापूरचं, म्हणून त्यातली वेळही इथलीच असं धरू नका. कोणत्या गावची आहे ते आधी पाहा. सोलापूर मुंबईच्या सुमारे 3 अंश पूर्वेला आहे. अंशाला 4 मिनिटं, म्हणजे इथे सूर्य सुमारे 12 मिनिटं आधी उगवतो (ऋतूप्रमाणे दोन-तीन मिनिटं कमी-जास्त).

दुसरा घोळ लांबीचा. जुन्या ग्रीक-रोमन हिशेबात सूर्योदय ते सूर्यास्ताचे बारा भाग करत. त्या मापाने सोलापुरात जूनअखेरचा दिवस सुमारे 13 तास 10 मिनिटांचा, तर होरा जवळपास 66 मिनिटांचा. डिसेंबरअखेर तोच 55 मिनिटांवर येतो. सरसकट 60 मिनिटांचा होरा धरण्याचीही पद्धत आहे. कोणतीही घ्या, पण मिसळू नका : जूनमध्ये सूर्यास्तापर्यंत दोहोंत 70 मिनिटांचा फरक पडतो, म्हणजे होऱ्याचा ग्रहच बदलतो.