दिवाळीच्या खरेदीला दादरला जायचंय, पाकीट-मोबाईल कसा सांभाळायचा?

दिवाळीच्या आधीच्या रविवारी रानडे रोडला पाय ठेवायला जागा नसते, त्यात सगळ्यात जपायचं ते स्टेशनच्या ब्रिजच्या जिन्यावर आणि स्टॉलवर भाव करताना, कारण तेव्हा हात पिशव्यांत आणि लक्ष भलतीकडेच असतं. पर्स पुढे घ्या, मागच्या खिशात काहीच नको. माझ्या आईची पर्स कंदील बघताना खालून ब्लेडने कापली, घरी येईपर्यंत कळलंच नाही बिचारीला, म्हणून कळकळीने सांगते, मंगळसूत्र, चेन घरीच ठेवून जा प्लीज. आणि मोबाईलवर *#०६# दाबून येणारा आयएमईआय नंबर (म्हणजे फोनचा ओळख क्रमांक) आधीच घरी लिहून ठेवा, फोन गेलाच तर पोलीस तक्रार करून सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो ब्लॉक करता येतो. लगेच मदत हवी असेल तर ११२ लावा.