सशर्त संभाव्यतेत कधी भागायचं आणि कधी गुणायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साधी संभाव्यता जमत होती, पण सशर्त संभाव्यता (म्हणजे एखादी गोष्ट घडल्याचं कळल्यावर दुसरीची संभाव्यता) सुरू झाल्यापासून कुठे भागायचं आणि कुठे गुणायचं तेच कळेनासं झालंय. सोबत हे उदाहरण दिलंय: दोन फासे टाकले, बेरीज ८ आली आहे, तर किमान एका फाशावर ५ असण्याची संभाव्यता किती? तुमचं उत्तर २/३६ आलं आणि पुस्तकात २/५ आहे.

आधी एक सांगते. तुमचा अंश बरोबर आहे. बेरीज ८ आहे आणि ५ सुद्धा आहे अशा निष्पत्ती दोनच, (३, ५) आणि (५, ३). अडलंय ते छेदापाशी. मी हा भाग बरीच वर्षं शिकवते आहे आणि माझा अनुभव असा की सूत्र विसरल्यामुळे फार कमी मुलं चुकतात. बहुतेक जण चुकतात ते ‘कितींपैकी?’ हा प्रश्न स्वतःला न विचारता गणित सुरू केल्यामुळे. म्हणून हे सगळं उत्तर मी त्या एका प्रश्नाभोवतीच लिहिणार आहे.

दोन फाशांचा नमुना अवकाश, म्हणजे सगळ्या शक्य निष्पत्तींचा संच, ३६ जोड्यांचा. कागदावर ६ ओळी आणि ६ स्तंभांचा तक्ता काढा, खरोखर काढा. एक फासा लाल आणि एक पांढरा धरा, म्हणजे (३, ५) आणि (५, ३) वेगळ्या का मोजायच्या आणि (४, ४) एकदाच का मोजायची हे आपोआप दिसेल. आता बेरीज ८ असलेली घरं रंगवा: (२, ६), (३, ५), (४, ४), (५, ३), (६, २). पाच घरं. कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की बेरीज ८ आली आहे. मग उरलेली ३१ घरं आता शक्यच नाहीत. ती खोडून टाका. तुमचं जग आता पाच घरांचं आहे आणि त्या पाचांपैकी दोन घरांत ५ आहे. म्हणून २/५.

२/३६ हे उत्तर चुकीचं नाही, ते वेगळ्या प्रश्नाचं आहे: काहीच माहीत नसताना ‘बेरीजही ८ आणि ५ सुद्धा’ असं दोन्ही घडण्याची संभाव्यता किती? आणि प्रश्न उलटा केला, म्हणजे ‘किमान एका फाशावर ५ आहे हे माहीत आहे, तर बेरीज ८ असण्याची संभाव्यता किती?’ असं विचारलं, तर उत्तर तिसरंच येतं. ५ असलेली घरं मोजा: एक आडवी ओळ आणि एक उभा स्तंभ, पण (५, ५) दोन्हींत सामाईक, म्हणून ११. उत्तर २/११. तीनही प्रश्नांत अंश तोच २ आहे. बदलला तो फक्त छेद: ३६, ५, ११. सशर्त संभाव्यतेचा अर्धाअधिक गाभा या तीन अपूर्णांकांत आहे, म्हणून ते वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवा.

आता सूत्र. इथे अ आणि ब या दोन घटना. मी संभाव्यतेसाठी ‘सं’ लिहिते आणि उभ्या रेघेनंतर अट लिहिते:

सं(अ | ब) = सं(अ आणि ब) ÷ सं(ब)

आपल्या उदाहरणात २/३६ ÷ ५/३६. दोन्हीकडचा ३६ कटतो आणि २/५ उरतो. म्हणजे सूत्र नवीन काही करत नाही, नमुना अवकाश आकसवण्याचं जे काम तुम्ही तक्त्यावर हाताने केलं तेच ते करतं. मग सूत्र हवंच कशाला? कारण सगळ्या निष्पत्ती समसंभाव्य, म्हणजे सारख्याच शक्यतेच्या, नसतील तेव्हा घरं मोजून भागत नाही, पण भागाकार तेव्हाही चालतो.

समसंभाव्यतेची ही गोष्ट हलकी समजू नका. द'आलंबेर हा अठराव्या शतकातला मोठा फ्रेंच गणिती. त्याने १७५४ साली विश्वकोशातल्या एका लेखात असं मांडलं होतं की नाणं दोनदा उडवताना किमान एकदा छापा येण्याची संभाव्यता २/३ आहे. त्याचा युक्तिवाद: पहिल्याच वेळी छापा आला तर काम झालं, नाहीतर काट्यानंतर छापा, किंवा काट्यानंतर काटा. शक्यता तीन, त्यांपैकी दोन अनुकूल. पण या तीन शक्यता सारख्या वजनाच्या नाहीत. पहिली १/२ आहे, उरलेल्या दोन प्रत्येकी १/४. खरं उत्तर ३/४. तेव्हा ‘कितींपैकी?’ विचारताना ‘आणि ते सगळे सारख्याच शक्यतेचे आहेत ना?’ हेही विचारायचं.

गुणाकाराचं कोडं आता सहज सुटेल. तेच सूत्र उलट लिहिलं की सं(अ आणि ब) = सं(ब) × सं(अ | ब). प्रश्नात एखादी गोष्ट घडून गेल्याचं सांगितलं असेल आणि दुसरीची संभाव्यता विचारली असेल तर भागाकार. दोन्ही गोष्टी घडण्याची संभाव्यता विचारली असेल आणि टप्प्याटप्प्याने पुढे जाता येत असेल तर गुणाकार. पिशवीत ५ लाल आणि ३ निळे चेंडू आहेत, न पाहता एकामागून एक दोन काढले, पहिला परत ठेवला नाही. दोन्ही लाल असण्याची संभाव्यता ५/८ × ४/७ = ५/१४. त्यातला ४/७ हा स्वतःच सशर्त आहे: पहिला लाल निघाला आहे, तर उरलेल्या ७ पैकी ४ लाल. म्हणजे ‘परत न ठेवता’ची गणितं करताना तुम्ही सशर्त संभाव्यता आधीपासून वापरतच होतात.

याच पिशवीत एक गंमत आहे, आणि तिच्यापाशी थोडं थांबायला हवं. पहिला चेंडू काढला, पण तुम्हाला दाखवला नाही. दुसरा लाल असण्याची संभाव्यता किती? पुष्कळांना वाटतं की एक चेंडू कमी झालाय, म्हणजे उत्तर बदललं असणार. करून बघू. पहिला लाल आणि दुसरा लाल: ५/८ × ४/७ = २०/५६. पहिला निळा आणि दुसरा लाल: ३/८ × ५/७ = १५/५६. बेरीज ३५/५६, म्हणजे पुन्हा ५/८. पिशवीतून चेंडू गेला, पण तुमच्या माहितीत काहीच भर पडली नाही, म्हणून संभाव्यता जागची हलली नाही. आता उलट दिशेने: दुसरा चेंडू लाल निघालेला पाहिला, तर न पाहिलेला पहिला लाल असण्याची संभाव्यता? २०/५६ ÷ ३५/५६ = ४/७. इथे विद्यार्थी मला हमखास विचारतात की नंतरची घटना आधीच्या घटनेवर परिणाम कसा करेल. परिणाम ती करतच नाही. उभ्या रेघेच्या उजवीकडे कारण लिहायचं नसतं आणि आधी घडलेलं काही असायला हवं असंही नाही. तिथे लिहायचं ते फक्त तुम्हाला जे कळलंय ते.

स्वतंत्र घटनांची व्याख्याही यातूनच निघते. ब कळल्यावरही अ ची संभाव्यता होती तीच राहिली, तर त्या दोन घटना स्वतंत्र. तेव्हाच गुणाकार अटीशिवाय, सं(अ) × सं(ब) असा करता येतो. नुसतं बघून हे कळेलच असं नाही. लाल फाशावर ४ असण्याची संभाव्यता १/६. बेरीज ७ आहे असं कळलं, तरी १/६ च, कारण ७ च्या सहा जोड्यांपैकी एकीत लाल ४ आहे. पण बेरीज ८ आहे असं कळलं, तर १/५. एकाच अंकाचा फरक, आणि स्वातंत्र्य गेलं. परीक्षेत ‘स्वतंत्र’ आणि ‘परस्पर अपवर्जी’ यांची सरमिसळ फार होते. परस्पर अपवर्जी म्हणजे एक घडली तर दुसरी घडूच शकत नाही, म्हणजे एकीची बातमी दुसरीबद्दल सगळं सांगून टाकते. दोन्हींची संभाव्यता शून्यापेक्षा जास्त असेल तर अशा घटना स्वतंत्र कधीच नसतात.

आता ज्यामुळे हा धडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो त्याकडे येते: सं(अ | ब) आणि सं(ब | अ) या दोन वेगळ्या संख्या आहेत. वर २/५ आणि २/११ पाहिलेच, पण तिथे फरक लहान होता. एक काल्पनिक आजार घ्या, १००० माणसांत एकाला होणारा. त्याची चाचणी १०० आजारी माणसांपैकी ९९ जणांना बरोबर पकडते, पण १०० निरोगी माणसांपैकी ५ जणांनाही चुकून पॉझिटिव्ह दाखवते. एखाद्याची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर तो खरंच आजारी असण्याची संभाव्यता किती? सूत्र बाजूला ठेवा आणि १,००,००० माणसं घ्या. आजारी १००, त्यांतले ९९ पॉझिटिव्ह. निरोगी ९९,९००, त्यांतले ५ टक्के, म्हणजे ४,९९५ पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह ५,०९४ आणि त्यांपैकी खरे आजारी ९९. उत्तर दोन टक्क्यांच्याही किंचित खाली. चाचणी आजाऱ्यांपैकी ९९ टक्के पकडते हे खरं, पण तिथे छेदात आजारी माणसं आहेत. रुग्णाच्या प्रश्नात छेदात पॉझिटिव्ह आलेली माणसं आहेत. पुढे बेझचं प्रमेय शिकाल तेव्हा हीच मोजणी अक्षरांत लिहिलेली दिसेल. थॉमस बेझचं ते लिखाण त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ साली, रिचर्ड प्राइस या त्याच्या मित्राने प्रसिद्ध करवलं.

छेद चुकल्याची किंमत माणसं मोजतात. ब्रिटनमध्ये १९९९ साली एका आईला तिच्या दोन तान्ह्या मुलांच्या खुनासाठी जन्मठेप झाली. खटल्यात एका बालरोगतज्ज्ञाने साक्ष दिली की अशा कुटुंबात दोन बाळं अचानक, नैसर्गिकरीत्या दगावण्याची संभाव्यता ७.३ कोटींत एक आहे. ही संख्या आली कुठून? एका बाळासाठी १/८५४३ धरून त्याचा वर्ग केला होता. म्हणजे दोन सख्ख्या भावंडांचे मृत्यू स्वतंत्र घटना मानले होते. एकाच घरातल्या, एकाच आईबापांच्या मुलांबाबत असं मानायला काही आधार नव्हता. आनुवंशिक कारण असेल तर पहिल्या मृत्यूनंतर दुसऱ्याची संभाव्यता वाढते. दुसरी चूक याहून खोल. ती संख्या बरोबर धरली तरी ती ‘मृत्यू नैसर्गिक असतील, तर दोन्ही बाळं दगावण्याची’ संभाव्यता होती. ऐकणाऱ्याला मात्र ती ‘दोन बाळं दगावली आहेत, तर आई निर्दोष असण्याची’ संभाव्यता वाटते. त्यासाठी छेदात दोन बाळं दगावलेली कुटुंबं हवीत, आणि एकाच आईने दोन बाळांचा खून करणं हेही अतिशय दुर्मीळच असतं हे त्यात धरायला हवं. २००१ साली रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने या आकडेवारीवर जाहीर आक्षेप घेतला. २००३ मध्ये शिक्षा रद्द झाली. मुख्य कारण न्यायालयापुढे न आणलेले वैद्यकीय अहवाल होते, पण तो आकडा दिशाभूल करणारा होता हेही न्यायालयाने नोंदवलं. तोवर त्या बाईने तीन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता.

अभ्यासासाठी माझा आग्रह एकच आहे: प्रश्न वाचल्यावर पहिल्यांदा छेद शब्दांत लिहा. ‘बेरीज ८ असलेल्या जोड्यांपैकी’, ‘पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी’, असं. अंश त्यानंतर. निष्पत्ती थोड्या असतील तर तक्ता, टप्पे असतील तर वृक्षाकृती, टक्के दिले असतील तर १,००० किंवा १,००,००० माणसं धरून मोजणी. अटीचे शब्दही नीट वाचा. ‘किमान एका फाशावर ५ आहे’ म्हटलं तर बेरीज ८ ची संभाव्यता २/११ आली; ‘लाल फाशावर ५ आहे’ म्हटलं तर घरं सहाच उरतात आणि उत्तर १/६ येतं.

एक गणित देते, ते स्वतः करून बघा. तीन पत्ते आहेत: एक दोन्ही बाजूंनी लाल, एक दोन्ही बाजूंनी पांढरा, एक एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने पांढरा. न पाहता एक पत्ता काढून टेबलावर ठेवला, वरची बाजू लाल दिसते. खालची बाजूही लाल असण्याची संभाव्यता किती? बहुतेकांचं पहिलं उत्तर १/२ असतं, कारण ते लाल बाजू असलेले दोन पत्ते मोजतात. पण वर दिसू शकतील अशा समसंभाव्य निष्पत्ती म्हणजे पत्त्यांच्या सहा बाजू. त्यांतल्या लाल बाजू तीन आणि त्या तिन्हींपैकी दोन बाजूंच्या मागे लालच आहे. उत्तर २/३. पटलं नाही तर कागदाचे तुकडे रंगवून पन्नास-साठ वेळा काढून बघा आणि फक्त लाल दिसलेल्या वेळाच मोजा.