फ्लॉवरचा दांडा पोकळ निघतोय, गड्डा तपकिरी पडतोय. जमीन चुनखडीची आहे, मध्ये पाण्याचा ताणही बसला. दुकानदार म्हणतो बोरॉन हे सूक्ष्म अन्नद्रव्य दुप्पट मारा. मारू का?

दुप्पट मारू नका. आधी दोनचार दांडे उभे चिरून बघा. पोकळी आतून कोरडी, पांढरी असेल तर बोरॉनला दोष देण्यात अर्थ नाही; युरिया जास्त झाला, रोपांत अंतर जास्त पडलं की झाड भराभर फुगतं आणि दांडा आत फाटतो. पोकळीच्या कडा पाणचट, तपकिरी असतील आणि गड्ड्यावरही तसेच डाग असतील, तर मात्र बोरॉन कमी पडलंय. असा गड्डा भाजीत कडू लागतो, व्यापारी उगाच नाकारत नाही.

तुम्ही चुनखडीची जमीन आणि मध्ये बसलेला पाण्याचा ताण, दोन्ही लिहिलंय. चुनखडीमुळे सामू (पीएच) चढा असला की मातीत असलेलं बोरॉनही मुळांना मिळत नाही, ताणात तर आणखीच कमी. शिवाय फ्लॉवरमध्ये जुन्या पानातलं बोरॉन कोवळ्या भागाकडे सरकत नाही. त्यामुळे खालची पानं हिरवीगार आणि मार बसतो शेंड्याला नि गड्ड्याला. तपकिरी झालेला गड्डा आता कशानेही पांढरा होणार नाही, त्यावर पैसे घालवू नका. मागाहून लावलेल्या प्लॉटला गड्डा धरायच्या आधी 20 टक्केवालं बोरॉन लिटरला 1 ग्रॅम फवारा.

दुप्पट का नको? बोरॉन कमी पडणं आणि जास्त होणं यात अंतर फार थोडं असतं. ते पाण्याबरोबर पानात चढतं, पाणी उडून जातं आणि ते कडेला साचत राहतं. म्हणून जुन्या पानांच्या कडा आधी पिवळ्या पडतात, मग करपतात. पुष्कळ जण त्याला करपा समजून वर बुरशीनाशक मारतात! फ्लॉवर तसा सोशिक आहे, पण त्याच रानात मागून घेवडा किंवा काकडी घेणार असाल तर ती पिकं जास्तीचं बोरॉन सोसत नाहीत.

पानाचं पातं झडून नुसती शीर चाबकासारखी उरत असेल तर ती मॉलिब्डेनम या दुसऱ्या सूक्ष्म अन्नद्रव्याची कमतरता. ती कोकणातल्यासारख्या आम्लधर्मी जमिनीत दिसते, तुमच्याकडे सहसा नाही.

मृद आरोग्य पत्रिकेत (माती तपासणीच्या अहवालात) बोरॉनचा आकडा असतो. तो 0.5 पीपीएमच्या खाली असेल तर पुढच्या लागवडीला एकरी 4 किलो बोरॅक्स (बोरॉनचं खत) शेणखतात मिसळून द्या. वर असेल तर बोरॅक्स राहू द्या, पाण्याच्या पाळ्या सांभाळा.