गोष्टी भराभर वाचणारं मूल परिसर अभ्यासाच्या पानावर का अडतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी तिसरीत, मराठी माध्यमात. गोष्टीची पुस्तकं एका बैठकीत संपवते. पण परिसर अभ्यासाचा धडा, गणितातलं शाब्दिक उदाहरण किंवा शाळेची साधी सूचना समोर आली की "मला नाही कळत" म्हणून बाजूला ठेवते. सगळ्या प्रकारचं वाचन तिला कसं शिकवायचं, आणि ती त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा वाचते ते थांबवायचं का?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते चौथीच्या मुलांना शिकवते. तुम्ही लिहिलंय तसं मूल जवळजवळ प्रत्येक वर्गात असतं. तुमच्या मुलीची वाचनाची तयारी चांगली आहे. तिला गोष्ट कशी वाचायची हे पक्कं कळलंय, बाकीचा मजकूर कसा वाचायचा हे अजून कुणी शेजारी बसून दाखवलेलं नाही, एवढंच.

गोष्ट पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सलग वाचायची असते. एसटी स्टँडवरचं वेळापत्रक कुणी तसं वाचत नाही. तिथे आधी आपलं गाव शोधायचं, मग त्या ओळीत आडवं जायचं आणि बाकीचं सगळं खुशाल सोडून द्यायचं. पाककृती दोनदा वाचतात: एकदा घरात सगळं सामान आहे ना ते बघायला, दुसऱ्यांदा एकेक पायरी हाताने करत करत. कविता मोठ्याने वाचल्याशिवाय तिची लय कळत नाही. कोडं वाचताना प्रत्येक ओळीनंतर मनातलं उत्तर बदलावं लागतं. कुठून सुरुवात करायची, किती वेगाने जायचं, काय गाळलं तर चालतं, हे प्रत्येक मजकुराचं वेगळं असतं. आपल्या मोठ्यांच्या हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते शिकवावं लागतं हेच लक्षात येत नाही.

त्यातून आपल्याकडे "मुलाला वाचता येतं" याचा अर्थ बहुतेक वेळा "गोष्ट वाचता येते" असाच असतो. ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी करणाऱ्या, 2005 पासून येणाऱ्या 'असर' अहवालातली चाचणी बघा. अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि शेवटी दुसरीच्या पातळीची गोष्ट, अशा तिच्या पायऱ्या आहेत. पाया तपासायला ती चांगलीच आहे, पण त्यापुढचं वाचन तपासण्यासाठी ती केलेलीच नाही. अमेरिकेत नेल ड्यूक या संशोधिकेने 2000 साली पहिलीच्या 20 वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात माहितीपर मजकुराच्या वाट्याला दिवसाला सरासरी 3.6 मिनिटं आली होती. आपल्याकडे पहिली-दुसरीची मुलं प्रामुख्याने गोष्टी आणि गाणी वाचतात, आणि तिसरीत परिसर अभ्यासाचं पुस्तक एकदम हातात पडतं. तुमच्या मुलीची अडचण नेमकी याच वळणावरची आहे.

आता त्या पानावर ती कुठे अडते ते सांगते, कारण ही अडचण मराठी वाक्याच्या रचनेतून येते. हे वाक्य बघा: "पाण्याची वाफ होण्याच्या क्रियेला बाष्पीभवन म्हणतात." किंवा जरा लांबलेलं: "अनेक लहान-मोठे प्रवाह एकत्र येऊन तयार होणाऱ्या मोठ्या प्रवाहाला नदी म्हणतात." ज्याच्याबद्दल वाक्य आहे तो शब्द शेवटी येतो. तोपर्यंत मुलाने सगळं डोक्यात धरून ठेवायचं, आणि ते कशासाठी धरलंय हे शेवटून दुसऱ्या शब्दावर कळणार. गोष्टीतली वाक्यं अशी नसतात. "कोल्हा विहिरीपाशी आला. त्यानं आत डोकावलं." छोटी वाक्यं, प्रत्येक क्रियापद पुढे नेणारं. गोष्टीची सवय झालेलं मूल व्याख्येच्या वाक्यात 'नदी'पाशी पोचतं तेव्हा 'प्रवाह' मागे सांडलेले असतात.

यावर वर्गात मी करते ते अगदी साधं आहे. वाक्यात आधी 'म्हणतात' शोधायचं. त्याच्या अलीकडच्या शब्दाभोवती पेन्सिलीने हलकासा गोल करायचा. मग विचारायचं, "कशाला?" की मूल मागे जाऊन 'ला' लागलेला शब्द शोधतं: प्रवाहाला. "कसल्या प्रवाहाला?" आणखी मागे. म्हणजे वाक्य उलट्या दिशेने सोडवायचं आणि मग एकदा सरळ वाचायचं. अशी काही वाक्यं शेजारी बसून केली की मुलं व्याख्या लांबूनच ओळखायला लागतात, धड्यात "बाई, इथे म्हणतात आहे" असं ओरडून सांगतात. घरी आठवडाभर रोज दोन-तीन वाक्यांवर हे करा, पूर्ण धड्याचा हट्ट धरू नका.

दुसरा अडथळा असतो जोडणाऱ्या शब्दांचा. परंतु, तसेच, त्यामुळे, मात्र, अन्यथा. घरात आपण "पण", "म्हणून", "नाहीतर" म्हणतो, आणि मुलाच्या कानावर तेच पडलेलं असतं. 'आढळतात', 'केला जातो', 'उपयोग होतो' ही पुस्तकी क्रियापदंही तशीच. म्हणून एक परिच्छेद वाचून झाला की "हेच आजीला सांगायचं असेल तर कसं सांगशील?" असं विचारा. तिने तो बोलीत सांगितला की तिला कळला. पुस्तकातलीच वाक्यं परत म्हणून दाखवली, तर मला तरी काही कळल्याची खात्री वाटत नाही.

शाब्दिक उदाहरणाची गंमत वेगळी. "एका पेटीत 24 आंबे आहेत. अशा 5 पेट्या आणल्या. त्यांतले 18 आंबे खराब निघाले. तर चांगले आंबे किती?" गोष्टीसारखी सुरुवात होते, म्हणून मूल गोष्टीसारखंच वाचतं, आणि दिसतील ते आकडे उचलून बेरीज करून टाकतं. इथे 'तर'पासून वाचायला सुरुवात करायची. आधी काय विचारलंय ते बघायचं, मग ते काढायला काय लागेल ते वर जाऊन शोधायचं. 'तर' बहुतेक मराठी उदाहरणांत असतोच, त्यामुळे खूण हाताशी आहे.

एक गोष्ट मात्र मला सगळ्यांत फळते, तिच्यावर थोडं सविस्तर लिहिते. एकच विषय घ्यायचा आणि त्याच्यावरचे तीन-चार वेगवेगळे मजकूर एकत्र ठेवायचे. समजा बेडूक. बेडकाची एक गोष्ट, एक कविता, माहितीचं एक पान, आणि बेडकाच्या वाढीचे टप्पे दाखवणारी आकृती. गोष्टीत बेडूक बोलतो, रुसतो, राजाही होतो. माहितीत तो बोलत नाही, अंडी घालतो, आणि अंड्यातून बेडूकमासा (बेडकाचं पिल्लू) बाहेर येतो, ज्याला शेपूट असते आणि जो कल्ल्यांनी श्वास घेतो. आकृतीत बाण असतात आणि ते गोल फिरतात. हे सगळं एकाच आठवड्यात वाचलं की मुलं आपणहून प्रश्न विचारायला लागतात. हा बेडूक खरा का? मग गोष्टीतला खोटा का? कवितेत 'डराव' तीनदा का लिहिलंय? बाणाचं टोक परत अंड्याकडे का वळलं? या प्रश्नांतूनच त्यांना कळतं की लिहिणाऱ्याचा हेतू बदलला की लिहिणं बदलतं. "हा मजकूर कशासाठी आहे?" हा प्रश्न एकदा लागला की कसं वाचायचं याचं निम्मं उत्तर मिळून जातं.

याचा आणखी एक फायदा असा की विषय ओळखीचा झालेला असतो. रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांनी 1988 साली अमेरिकेतल्या सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं होतं. वाचनात कच्ची पण खेळाची जाण असलेली मुलं वाचनात हुशार पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. आपल्याकडचं क्रिकेटवेडं पोर पेपरात इतर काही वाचत नाही, पण सामन्याचा धावफलक कोड्यात टाकणाऱ्या लघुरूपांसकट फाडफाड वाचतं, हे तुम्हीही पाहिलं असेल. म्हणून धडा उघडण्याआधी दहा मिनिटं त्या विषयावर गप्पा मारा. शक्य असेल तिथे ती वस्तू हातात द्या. पाण्याचा धडा असेल तर पातेल्यावर झाकण ठेवून पाणी उकळा आणि झाकण उचलून तिला थेंब दाखवा. त्यानंतर बाष्पीभवनाचं वाक्य वाचायला द्या, ते इतकं परकं वाटणार नाही.

साहित्यासाठी वेगळे पैसे घालवू नका, घरात भरपूर असतं. कालनिर्णयच घ्या. पुढच्या बाजूला तारखांचे चौकोन, त्यात तिथी, सण, बारीक अक्षरातल्या नोंदी. मागच्या बाजूला पाककृती आणि लेख. "या महिन्यात संकष्टी कधी?" असं आजीने विचारलं की शोधाशोध सुरू होते, आणि तक्ता वाचणं शिकवल्यासारखं न वाटता शिकवून होतं. पाककृतीत 'घालावे', 'परतून घ्यावे', 'मंद आचेवर ठेवावे' अशी क्रियापदं येतात, जी आपण बोलत नाही. लिंबाच्या सरबताची कृती तिला वाचू द्या आणि ती सांगेल तसंच तुम्ही करा. साखर घालायची राहिली तर तीही राहू द्या, चव घेतल्यावर ती परत कागदाकडे वळेल. जलसंजीवनीचं पाकीटही तिच्याकडून वाचून घ्या: मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, लहान 200 मिलीमध्ये. इथे एक शब्द गाळून चालत नाही. वेळापत्रक वाचताना गाळायला शिकवलं, पाकिटावर न गाळायला शिकवायचं. हा फरक मुलांना कारणासकट सांगितला तर नीट पटतो.

लग्नपत्रिका, वीजबिल, पोस्टाचा पत्ता हेही सोडू नका. पत्ता तर मला फार आवडतो. लिहिणारा नावापासून सुरुवात करून गाव, तालुका, जिल्हा असा खाली येतो, आणि टपाल खातं खालच्या पिनकोडपासून वर जातं. 1972 साली सुरू झालेली ही सहा आकडी पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांची, आणि हे गृहस्थ संस्कृतचे कवीही होते. तुमच्या गावचा पिनकोड, मामाच्या गावचा पिनकोड शेजारी लिहा आणि कोणते आकडे सारखे आहेत ते तिलाच शोधू द्या.

जाहिराती आणि व्हॉट्सअपवरचे संदेशही मी वर्गात वाचायला घेते. आठ वर्षांच्या मुलाला "हे कोणी लिहिलं? त्याला आपल्याकडून काय हवंय?" हे दोन प्रश्न नक्की झेपतात. बिस्किटाच्या पुड्यावर पुढे मोठ्या अक्षरात काय आहे आणि मागे घटक पदार्थांच्या यादीत काय आहे ते ताडून बघायला सांगा. यादीत जे जास्त असतं ते आधी लिहितात. बऱ्याचदा ती यादी इंग्रजीत असते, तेव्हा मी वाचून मराठीत सांगते आणि पुढचं काम मुलं करतात.

या सगळ्यात तुमचं काम काय? शेजारी बसून स्वतःचं वाचन ऐकू येईल असं करणं. वीजबिल हातात घ्या आणि बोलत बोलत वाचा: "मला किती भरायचंय ते हवंय, म्हणून हे वरचं सोडते... हा आकडा युनिटचा, तो नकोय... हं, देय रक्कम इथे आहे, आणि शेवटची तारीख ही." आपली नजर कुठे उडी मारते हे मुलाला बाहेरून दिसत नाही, ते तोंडाने बोलूनच दाखवावं लागतं. प्रश्नोत्तरं लिहून घेण्यापेक्षा यात वेळ घालवा. नंतर तिलाच असे मजकूर लिहू द्या: घरातल्या झाडांना पाणी घालायचं वेळापत्रक, पाहुण्यांसाठी सूचना, आपल्या मांजरीबद्दल माहितीचं एक पान.

लहान भावंड असेल तर आणखी एक. पूर्ण बाराखडी आणि जोडाक्षरं येईपर्यंत असा मजकूर दाखवायचाच नाही, असं काही घरांत चालतं. मला ते पटत नाही. अक्षरओळख रोज आणि नेटाने व्हायलाच हवी, त्याला पर्याय नाही. 'र्य' आणि 'ऱ्य', 'प्र' आणि 'ट्र' हे सगळे 'र'चेच अवतार आहेत, ते आपोआप कळत नाहीत. पण ते चालू असतानाच मोठ्यांनी तक्ते, पत्रं, सूचना, माहितीची पुस्तकं वाचून दाखवायला काहीच हरकत नाही. पहिलीतलं मूल पाटीवरचं गावाचं नाव ओळखतं, ते सगळी अक्षरं आल्यावरच असं नसतं.

पुस्तकं हवी असतील तर बालभारतीचं 'किशोर' मासिक बघा, 1971 पासून निघतंय आणि एकाच अंकात गोष्ट, कविता, माहिती, कोडी असं सगळं मिळतं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं फुकट आहेत, पातळ्या लावलेल्या आहेत, आणि विज्ञानावरचीही बरीच आहेत.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. त्याच गोष्टी पुन्हा वाचण्यापासून तिला अजिबात अडवू नका. त्यातूनच तिचा वाचनाचा वेग आला आहे, आणि माहितीच्या पानावर तिला तोच उपयोगी पडणार आहे. फक्त तिची आवडती गोष्ट कशाबद्दल आहे ते बघा. वाघाची असेल तर वाघाबद्दल खरी माहिती देणारं एक पातळ पुस्तक आणा, त्यात चित्रं, नकाशा आणि चित्राखाली दोन-दोन ओळी असल्या तर उत्तम. तिला म्हणा की हे पुस्तक पहिल्या पानापासून वाचायची गरज नाही, अनुक्रमणिका बघ आणि वाटेल तिथून उघड.