छोट्या कॉलेजचं बोलावणं

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

अमेरिकन फुटबॉलच्या कोचिंगसाठी तुझ्यापुढे दोन जागा आहेत. एकीकडे नामांकित विद्यापीठ, पण व्हिडिओ विभागात पडेल ते काम. दुसरीकडे तिसऱ्या डिव्हिजनचं, म्हणजे कॉलेज खेळांच्या खालच्या गटातलं छोटं कॉलेज, पण तिथले वाइड रिसीव्हर्स, म्हणजे लांबचे पास झेलणारे खेळाडू, तुझ्या हाती. मत विचारलंस म्हणून स्पष्ट सांगतो, छोट्या कॉलेजात जा.

मोठ्या ठिकाणी रात्री उशिरापर्यंत प्रतिस्पर्ध्याचे व्हिडिओ पाहून प्रत्येक प्लेची नोंद करशील: थर्ड डाउन (तिसरा प्रयत्न), सात यार्ड बाकी, बॉल डाव्या हॅशवर (मैदानावरच्या खुणांच्या डाव्या ओळीवर), एक रनिंग बॅक, एक टाइट एंड. मग स्काउट टीमसाठी, म्हणजे सरावात प्रतिस्पर्ध्याची नक्कल करणाऱ्या खेळाडूंसाठी, त्याची कार्डं काढशील. या कामाने नजर तयार होते, पण ते छोट्या कॉलेजातही तुलाच करावं लागेल, तिथे करायला दुसरं असतंच कोण! शिवाय स्नॅप होताच, म्हणजे बॉल मागे देऊन खेळ सुरू होताच, मुलाचं पहिलं पाऊल पुढे पडायच्या ऐवजी मागे का पडतं, हे त्याला पटेल असं सांगायची सवय तिथेच लागेल.

कोच कर्ट सिग्नेटी यांचंच बघ. ते हेड कोच निक सेबन यांच्या हाताखाली अलाबामा विद्यापीठात होते, 2009 चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या स्टाफमध्ये. ते सोडून 2011 साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या डिव्हिजनच्या संघाचे हेड कोच झाले. पुढे इलॉन, जेम्स मॅडिसन आणि 2024 मध्ये इंडियाना या विद्यापीठांचे. आदल्या वर्षी 3-9 (तीन विजय, नऊ पराभव) असलेला इंडियानाचा संघ त्यांच्या पहिल्याच हंगामात 11-2 वर गेला.

कॉलेज फुटबॉल खेळलो नाही, ही धास्ती मनातून काढ. नावाजलेले कोच माइक लीचही खेळले नव्हते. कायद्याची पदवी घेऊन या वाटेला आले, 1989 मध्ये फिनलंडमध्ये कोचिंग केलं आणि 2000 साली टेक्सस टेक विद्यापीठाचे हेड कोच झाले. मुलं सुरुवातीला तुला पारखतील. नंतर तू शिकवलेलं शनिवारच्या सामन्यात उपयोगी पडतं का, एवढंच बघतील.

हेड कोचला काढलं की बहुतेक वेळा सगळा स्टाफ जातो, तुझं काम कितीही चोख असो. बिऱ्हाड पाठीवरच. लग्नाची बोलणी ‘मुलगा अमेरिकेत’ एवढ्यावर पुढे जाऊ देऊ नकोस. मुलीला याची पूर्ण कल्पना दे.

होकार देण्याआधी दोन गोष्टी विचार. रिसीव्हर्सची मीटिंग मी एकटा घेणार का? आणि रिक्रूटिंगसाठी, म्हणजे शाळांतून नवे खेळाडू आणण्यासाठी, कोणता भाग माझ्याकडे? तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. म्हणजे मुलाच्या आईवडिलांसमोर बसून फी, कर्ज, अभ्यासक्रम हे सगळं तुलाच समजावायचंय. कॉलेजच्या फीचा तक्ता आजच मागवून घे.

तुझा,
काका