घोडा आइसलँडचा, हातमोजे नाशिकचे

प्रश्न : डॉक्टर, माझी मुलगी नाशिकला घोडेस्वारी शिकते. पुढच्या महिन्यात आम्ही आइसलँडला जातोय. वापरलेले हातमोजे, लगाम, खोगीर काहीही आणू नका, असं तिथून कळवलंय. हातमोजे चामड्याचे आहेत, स्वच्छ पुसून नेले तर? आणि ते घोडे बुटके दिसतात, त्यांना पोनीच म्हणायचं ना?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : ताई, हातमोजे घरीच ठेवा. पुसून भागत नाही.

पंचवटीत टांग्याचे घोडे तपासायला मी वर्षानुवर्षं जायचो. एकदा एका टांगेवाल्यानं यात्रेतून नवी घोडी आणली. चांगली ठणठणीत, नाकातून जरासं पाणी एवढंच. पंधरा दिवसांत तबेल्यातल्या बाकीच्या घोड्यांच्या जबड्याखाली गाठी आल्या, पिकल्या, फुटल्या. सगळ्यांना पाण्याची बादली एकच होती. एक म्हातारा घोडा तेवढा सुटला, कारण हा स्ट्रँगल्स नावाचा साथीचा रोग त्याला पूर्वी होऊन गेलेला.

आइसलँडमध्ये असा म्हातारा घोडा सापडणार नाही. स्ट्रँगल्स नाही, घोड्यांचा फ्लूही नाही, म्हणून त्यांच्याशी लढायची ताकदही अंगात नाही. 2010 मध्ये बाहेरून खोकल्याची साथ शिरली आणि देशातले जवळजवळ सगळे घोडे खोकू लागले. त्या वर्षीचा घोड्यांचा राष्ट्रीय मेळावा पुढच्या वर्षावर ढकलावा लागला. बेटाबाहेर गेलेला घोडा परत येऊ शकत नाही, तोही याचसाठी. जागतिक स्पर्धा जिंकली तरी स्वार एकटाच घरी परततो. मला हे वाचताना गलबलून येतं, पण नियम बरोबर आहे.

एरवी हे घोडे भलते काटक. नॉर्वेकडच्या लोकांनी नवव्या-दहाव्या शतकात जहाजांतून आणलेल्या घोड्यांचा हा वंश. 1783 च्या लाकी ज्वालामुखीच्या उद्रेकात राखेतल्या फ्लोराइडनं गवत विषारी झालं, हजारो घोडे मेले. उरले त्यांची ही पिलावळ. थंडीत अंगावर दुहेरी केस येतात आणि बर्फातही ते उघड्यावर राहतात. उंची जेमतेम साडेचार फूट, पण धिप्पाड माणसाला पाठीवर घेऊन दिवसभर चालतात. तिथे त्यांना घोडाच म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा.

मुलीला ‘त्योल्त’ चाल मागून घ्यायला सांगा. सारंगखेड्याच्या यात्रेत रेवाल चालीचा घोडा पाहिला असेल, तर लगेच उमगेल : एक तरी पाय सतत जमिनीवर, त्यामुळे स्वाराला हिसका बसत नाही. हातमोजे तिथे मिळतील, आधी विचारून घ्या.